बिनआवाजाचा वर्ग

२ फेब्रुवारी, सोमवार

घशाच्या डॉक्टरने आज माझ्या नाकातून नळी घातली आणि पडद्यावर माझं नरडं मलाच दाखवलं. ओल आलेल्या भिंतीचा पोपडा दिसतो, तसं काहीतरी. डाव्या स्वरतंतूवर गाठ आहे आणि तिच्याभोवती रक्त साचलंय.

"तुम्ही ओरडता का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, मी ज्युदो शिकवते.

"ते कळलं. ओरडता का?"

माझ्या मुलाच्या वयाचा असेल. मला मूल नाही म्हणून वाचला.

आजपासून बोलणं बंद. सूज उतरली की शस्त्रक्रिया, त्यानंतर पुन्हा बंद. गाठ काढून तपासायला पाठवणार. 'तपासायला' हा शब्द उच्चारताना तो टेबलावरचा कागद सरळ करत बसला. निघताना म्हणाला, "आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही. त्याने तंतूंवर जास्त ताण येतो." मी आयुष्यात कधी कुजबुजलेली नाही, हे त्याला सांगायचं राहिलं.

हे येताना दोन वह्या घेऊन आले. हे म्हणजे माझा नवरा. चष्म्याचं दुकान चालवतात आणि उरलेल्या वेळात स्वतःचा चष्मा शोधतात. एक वही लोकांशी बोलायला, दुसरी "तुझी तुला". दुसरीत काय लिहू, असं मी पहिलीत लिहून विचारलं. म्हणाले, "पहिलीत लिहिलंस तर भांडणं होतील, ते." इतक्या वर्षांत या माणसाने पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं विकत आणलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

वर्ग बंद ठेवावा, असं वन्संचं मत पडलं. थोरल्या नणंदेला मत आहे हे मला आजच कळलं. उभं आयुष्य टेलिफोन खात्यात लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली, निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या, आणि इथे मी असल्यामुळे त्यांना बोलायला जागाच उरली नाही. आता सकाळपासून उट्टं काढताहेत.

वर्ग बंद ठेवला तर ही मंडळी घरी बसून चरतील, दुसरं काय. म्हणून गेले.

गॅरेजच्या डोक्यावरचा हॉल. चिकटपट्ट्यांनी सांधलेल्या गाद्या, एक खिडकी उघडत नाही, दुसरी बंद होत नाही. इथे उभं राहून मी केस पांढरे केले आणि सध्याचं पीक बघता सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एक आमचा ओंडका. लोकांचं घरसामान हलवतो, कपाट एकटा उचलेल, पण तीन वर्षं झाली, त्याला कमरेवरून माणूस फेकता येत नाही. उचलतो छान. मग अडतो, आणि समोरच्याला आजारी म्हातारीसारखा अलगद खाली ठेवतो. दुसऱ्या वकीलबाई. पडल्या की गादीला 'सॉरी' म्हणतात. मग दोघी खिदखिद्या, कॉलेजातल्या बहिणी. एक हसली म्हणून दुसरी हसते आणि दुसरी हसली म्हणून पहिली. बाकी आणखी काही डोकी आहेत, त्यांच्यात टोपणनाव ठेवण्याइतकंही काही सापडलेलं नाही.

आणि कुजबूज. अकरा वर्षं माझ्याकडे आहे. काळा पट्टा. फेक अशी की समोरच्याला आपण पडलो हे खाली आल्यावर कळतं. पण बोलणं तोंडातल्या तोंडात. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, पोरांना सुया टोचताना हळू बोलायची सवय लागली म्हणे. मी तिला सांगत आले आहे की एवढ्या आवाजाने डाससुद्धा उडत नाही.

काळा पट्टा दुसऱ्या कुणाकडे नाही, म्हणून आज तिलाच माझं तोंड नेमलं. मी हातवारे करायचे, तिने बोलायचं.

ओंडका नेहमीप्रमाणे अडला. मी कमरेवर मूठ ठेवली, भिंतीकडे बोट केलं, कपाळावर हात मारून घेतला. अर्थ स्वच्छ होता: अरे, तुझी कंबर आहे की गोदामाचं दार, ती भिंत तुझ्याआधी वळेल.

कुजबूज माझ्याकडे नीट बघत होती. मग ओंडक्याला म्हणाली, "बाई म्हणताहेत, कंबर आणखी थोडी आत आली की जमेल."

मी पुन्हा कपाळावर हात मारला.

"घाई नाही, म्हणताहेत," ती म्हणाली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं आणि बोलायच्या वहीत लिहिलं: मी असं म्हटलं नव्हतं.

तिने वाचलं. "हो बाई."

मग तू तसं का सांगितलंस?

"त्यांना तेवढंच लागतं," ती म्हणाली. "बाकीचं त्यांना पाठ आहे."

अकरा वर्षांत तिने मला एवढं मोठं वाक्य ऐकवलं नव्हतं. मी खोचक उत्तर लिहायला घेतलं, तेवढ्यात पेनातली शाई संपली. माझ्याकडे शब्दांची कधी टंचाई नव्हती. आता पेनाच्या कांडीवर माझा अधिकार अवलंबून आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी जेवताना ह्यांनी एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगायला घेतली. एक म्हातारा म्हणे दर महिन्याला येतो, नंबर वाढलाय म्हणतो, आणि नंबर काही वाढलेला नसतो. ही गोष्ट मी इथवर पुष्कळदा ऐकली आहे. इथे मी म्हणते, "मग हाकलून द्या की त्याला," आणि गोष्ट संपते.

आज म्हणता आलं नाही, म्हणून गोष्ट पुढे गेली. म्हाताऱ्याला दिसतं सगळं. त्याला ती अक्षरांची पाटी वाचून दाखवायची असते. घरी त्याला कुणी काही वाचायला सांगत नाही. म्हणून हे दर वेळी पाटी बदलतात. गेल्या महिन्यात ह्यांनी स्वतः तयार केलेली पाटी लावली. म्हाताऱ्याने मोठ्याने वाचलं, 'चहा घेणार का', आणि म्हणाला, "घेईन."

वन्सं हसून हसून डोळे पुसायला लागल्या. मी पाणी प्यायले. बरी होती गोष्ट. ह्यांच्या गोष्टींना शेवट असतो, अशी मला कल्पना नव्हती.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ओंडक्याने फेकलं.

मी पाहिलं नाही, कारण मी तेव्हा एका खिदखिदीची मनगटावरची पकड सुधारत होते. गॅरेजवाला हॉलखालून ओरडला, तेव्हा वळले. वकीलबाई गादीवर आडव्या होत्या आणि छताकडे बघून हसत होत्या. सॉरी म्हणायला विसरल्या. ओंडका स्वतःच्या हातांकडे बघत उभा होता.

कुजबूजला हाताने विचारलं, काय केलंस.

"मी काही केलं नाही, बाई. अडता का, म्हणून विचारलं फक्त."

तर असं आहे की ओंडका आयुष्यभर लोकांच्या काचा, कपाटं, आरसे उचलतो. त्याच्या धंद्यात एकच पाप, आपटणं. कुणी अंगावर घेतलं की त्याचे हात आपोआप हळू होतात. हे त्याने तिला सांगितलं. मला तीन वर्षांत सांगितलं नाही. कुजबूज त्याला म्हणाली, "आपटू नका. खालीच ठेवा. पण ट्रक सुटायच्या आत ठेवा." आणि वकीलबाई उडाल्या.

आता कुणालाही वाटेल की ही तिची करामत. तसं नाही. तीन वर्षं मी जे डोक्यावर घाव घातले, त्यातला शेवटचा आज लागू पडला, इतकंच. शेवटचा घाव घालणाऱ्याला वाटतं झाड आपण तोडलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

एक जण आजारी, जोड्या विषम झाल्या. अशा वेळी मी विषम माणसाला भिंतीशी उभं करून दोरी ओढायला लावते आणि स्वतः मधोमध उभी राहून ओरडते. ओरडायचं नसल्यावर मधोमध उभं राहून करायचं काय? शोभेची बाहुली झाल्यासारखं वाटलं. म्हणून ज्युदोचा डगला घातला आणि ओंडक्यासमोर जाऊन उभी राहिले.

ओंडका पांढराफटक पडला. "बाई, तुम्हाला?"

मी त्याची कॉलर धरली.

किती वर्षांनी मला कुणी फेकलं, आठवत नाही. गुडघ्यांची कारणं सांगत आले आहे. उडाले तेव्हा ती न उघडणारी खिडकी उलटी दिसली, आणि गादीवर हात आपटला तो बरोबर वेळेवर. हाताला विसर पडला नव्हता. ओंडका वाकून विचारत होता, लागलं का, लागलं का. मी उठून पुन्हा त्याची कॉलर धरली. मग पुन्हा. आवाज बंद असल्यामुळे पडल्या पडल्या त्याच्या पायाची चूक सांगता येईना, म्हणून मी त्याचा पाय धरून जागेवर ठेवला. हातात धरल्यावर कळलं की पाय चुकीच्या जागी नव्हताच. भार टाचेवर होता. बाहेरून ते दिसत नाही.

उद्या उठता येणार नाही. वन्संनी पाठीला मलम चोळलं आणि चोळता चोळता टेलिफोन खात्यातल्या एका साहेबाची भानगड सांगितली. भानगड सामान्य होती, मलम चांगलं होतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या. रक्त द्यायला गेले तर सुई हातात घेऊन समोर कुजबूज. तिची प्रयोगशाळा हीच, हे मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांत मी तिला कुठे काम करतेस असं विचारलं नाही, कारण शिष्यांच्या घरगुती गोष्टीत नाक खुपसणं मला पसंत नाही.

मला सुईची भीती वगैरे वाटत नाही. हात थंड होता, तो तिथल्या पंख्यामुळे.

"तिकडे भिंतीवर बघा, बाई," ती म्हणाली. भिंतीवर बदकांची चित्रं होती, पोरांसाठी लावलेली. मी बदकांकडे बघायला ठाम नकार दिला. तिच्याकडेच बघत राहिले. तिथे ती निराळी दिसते. माझ्या आधी एक मुलगा किंचाळत होता, त्याच्याशी ती त्याच तोंडातल्या तोंडात बोलली आणि तो ऐकायला म्हणून गप्प झाला. तिचं बोलणं ऐकायचं तर गप्प बसावंच लागतं. ही एक प्रकारची लबाडीच.

"झालं," ती म्हणाली. मला टोचलेलं कळलं नव्हतं. कापसाचा बोळा धरून मी उठले तर म्हणाली, "गाठ बहुतेक साधीच असेल, बाई." एवढं कुठे शिकलीस, असं मी लिहिणार होते. लिहिलं नाही, कारण एका हाताने बोळा धरला होता.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

शस्त्रक्रिया उद्या सकाळी. डॉक्टर म्हणाला, आवाज पूर्वीसारखा होईल याची खात्री देता येत नाही. मी लिहिलं: मग कशाची देता? तो म्हणाला, "तंतू नीट शिवल्यासारखा बसेल, याची." शिंप्याकडे आल्यासारखं वाटलं.

ह्यांनी दुकान बंद ठेवलंय. काहीतरी शोधत घरभर फिरताहेत. चष्मा डोळ्यांवरच आहे.

२ मार्च, सोमवार

झालं म्हणे. नरड्यात वाळूचा कागद घासल्यासारखं वाटतंय. अहवाल शुक्रवारी.

संध्याकाळी दार वाजलं आणि अख्खा वर्ग आत आला. ओंडका दारातून तिरका होऊन शिरला, तशी त्याची सवयच आहे. वकीलबाई, दोघी खिदखिद्या, ती बिननावाची मंडळी, आणि शेवटी कुजबूज. सगळे पुढच्या खोलीत ओळीने बसले आणि कुणी काही बोलेना. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. वन्सं पाण्याचे पेले घेऊन आल्या आणि विचारलं, "तुमचीही ऑपरेशनं झालीत का?"

तेव्हा कळलं, बाईंना बोलायचं नाही तर आपणही बोलायचं नाही, असं ते जिन्यात ठरवून आले होते. इतकी मठ्ठ माणसं एका जागी जमवायची तर मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. ओंडक्याने आमचं पुस्तकांचं कपाट भिंतीपासून हातभर डावीकडे सरकवलं, कारण कपाटाचा पाय हलत होता. खिदखिद्यांना हसू आलं, त्या तोंडावर हात दाबून हलत बसल्या. मग वकीलबाई हलायला लागल्या.

अर्ध्या तासाने गेले. काही न बोलता अर्धा तास. मला तर दमायला झालं. घर उगाचच रिकामं वाटायला लागलं, ते कपाट सरकल्यामुळे.

६ मार्च, शुक्रवार

गाठ साधी निघाली.

ह्यांनी अहवाल तीनदा वाचला, मग वन्संना वाचायला दिला, मग त्यांच्याकडून परत घेऊन पुन्हा वाचला. मी लिहिलं: पाटी बदला आता. हे हसले आणि मग अहवाल टेबलावर ठेवून बराच वेळ न्हाणीघरात जाऊन बसले. पुरुषांना कशाचंही निमित्त पुरतं.

कुजबूजला वन्संनी फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, पलीकडून काही ऐकूच आलं नाही. बोललीच नसेल, असं मी लिहिलं. वन्सं म्हणाल्या, "नाही गं, लाइन चालू होती. मला चालू लाइन ओळखता येते."

१० मार्च, मंगळवार

वर्ग सुटल्यावर कुजबूज गाद्या उचलायला मागे राहिली. गाद्या उचलून झाल्या तरी जाईना.

"बाई, मुलींच्या एका शाळेत जागा निघालीय. कसरत आणि ज्युदो शिकवायला. मी अर्ज करू का?"

मी लिहिलं: प्रयोगशाळेत काय वाईट आहे?

"वाईट काही नाही. पण गेल्या महिन्यापासून मला रोज संध्याकाळची वाट बघावीशी वाटते."

शाळेत साठ पोरी समोर असतील. माझं तोंड व्हायला मिळालं तर हिला वाटायला लागलं आपण शिक्षिका. घोड्यावर बसलेल्या माशीलाही वाटतं आपणच धावतोय. मी लिहिलं: कर अर्ज. आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत तरी पोचेल का?

तिने ते वाचलं. "नाही पोचला तर दुसऱ्या रांगेपाशी जाऊन उभी राहीन," म्हणाली.

ती गेल्यावर सगळ्या गाद्या पुन्हा एकदा रचल्या. तिने नीटच रचल्या होत्या.

१५ मार्च, रविवार

पट्ट्यांची परीक्षा, संघटनेच्या मोठ्या हॉलमध्ये. परीक्षक म्हणून मिशा आला. हा आणि मी एकाच गुरूकडे शिकलो. तेव्हा याला मिशी नव्हती आणि फेकही नव्हती. मिशी तरी आली. संघटनेत शिरला आणि आता लोकांचे पट्टे ठरवत हिंडतो.

नियम असा की आज्ञा वर्गाच्या शिक्षकाने द्यायच्या. मी घशाकडे बोट केलं. मिशाने कुजबूजकडे बघितलं आणि म्हणाला, "ही देणार आज्ञा? हॉल केवढा आहे."

मला वाटलं, आता तरी ओरडेल. ओरडणं काही कठीण नसतं, मी आयुष्यभर केलंय. कुजबूज मध्यभागी गेली आणि तिच्या त्याच सुई टोचायच्या आवाजात म्हणाली, "नमस्कार." बाजूच्या गादीवर दुसरा एक वर्ग गोंगाट करत होता. आमचे लोक तिच्याकडे कान देऊन असे उभे होते की त्या वर्गालाही वाटलं काहीतरी चाललंय. ते गप्प झाले. मग पंखा ऐकू यायला लागला. मग तिचा प्रत्येक शब्द.

वकीलबाईंना पट्टा मिळाला. एका खिदखिदीला मिळाला, दुसरीला पुढच्या खेपेला, आणि आश्चर्य म्हणजे मिळालेली रडली, न मिळालेली हसली. ओंडका नापास. फेकलं त्याने उत्तम, मिशासुद्धा मागे सरकला. पण जमिनीवरच्या डावांत अडकला आणि उठता उठेना. मी तयारीत होते, की आता हा नेहमीसारखा खांदे पाडून महिनाभर येणार नाही. तो सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, जमिनीवर मला काय होतं ते कळत नाही. बघाल का?"

तीन वर्षांत त्याने मला काही विचारलं नव्हतं. विचारायला उसंत कुठे होती म्हणा.

निघताना मिशा म्हणाला, "तुझा वर्ग बदललाय. पूर्वी यायचो तर जिन्यातून ऐकू यायचा." मी लिहिलं: पूर्वी तूही काही शिकायचास. तो हसला. बाण वाया गेला.

२३ मार्च, सोमवार

नळी पुन्हा आत. तंतू शिवल्यासारखा बसलाय. उद्यापासून बोलायचं, पण चिमटीने. पहिला आठवडा दिवसाला पाच मिनिटं, मग हळूहळू वाढवायचं. आवाज खरखरीत राहील. "आणि ओरडणं?" असं लिहून विचारलं. डॉक्टर यावेळी कागदाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "ते संपलं, बाई."

मला बाई म्हणायला हा माझा विद्यार्थी नव्हे. पण म्हणाला.

हे रस्त्याने म्हणाले, "उद्या पहिलं काय बोलणार?" जसं काही मी भाषण तयार करून ठेवलंय. घरी पोचलो तर वन्संनी फोन धरलेला. त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. कुजबूजने अर्जावर गुरू म्हणून माझा उल्लेख केला होता, आणि उद्या मुलाखतीच्या वेळी मी येऊ शकेन का, अशी विचारणा. मला विचारल्याशिवाय वन्सं 'येतील' म्हणून मोकळ्या झाल्या. लाइन जोडायची खोड जात नाही.

२४ मार्च, मंगळवार

सकाळी तोंड उघडलं नाही. हे चहाचा कप घेऊन समोर बसले होते, मी हातानेच थांबा म्हटलं.

शाळा जुनी, व्हरांड्यात रांगेने चपला. मुख्याध्यापिका माझ्याच वयाच्या, इस्त्री केल्यासारख्या. कुजबूज खुर्चीच्या कडेवर बसलेली. तिला प्रश्न विचारत होत्या आणि प्रत्येक उत्तराला पुढे वाकून म्हणत होत्या, "काय म्हणालात?" शेवटी पेन ठेवलं आणि मला म्हणाल्या, "मुलगी गुणी दिसते. पण साठ मुली असतात एका तुकडीला. वचक बसायला आवाज नको का?"

मी घसा साफ केला. दीड-पावणेदोन महिन्यांनी जे बाहेर आलं ते दाराच्या बिजागरीसारखं होतं. माझं मलाच ओळखू येईना. मुख्याध्यापिका दचकल्या.

मी म्हटलं, "माझा वचक होता. गॅरेजवाल्यापर्यंत होता. तीन वर्षं एका माणसाला मी वचकात ठेवलं आणि त्याला एक फेक आली नाही. हिने त्याला एक प्रश्न विचारला आणि आली."

त्या काही म्हणणार होत्या. मी हात वर केला, मिनिटं मोजकी होती.

"ही बोलायला लागली की लोक गप्प होतात. मला लोकांना गप्प करण्यासाठी ओरडावं लागायचं. ही काय करते ते मला अजून कळलेलं नाही. मी समोर उभी राहून बघितलंय, तरी कळलेलं नाही. तुमच्या मुली हिच्याकडे पडायला शिकतील. पडून हसत उठायला शिकतील. माझ्याकडे लोक पडून सॉरी म्हणायचे." मग म्हटलं, "मी हिला अकरा वर्षं शिकवलं. गेले दोन महिने मी हिच्याकडे शिकतेय. तुम्ही नाही घेतलंत तर माझाच फायदा आहे. पण घ्या."

एवढं बोलल्यावर घसा पेटला. मुख्याध्यापिकांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि कुजबूजला म्हणाल्या, "सोमवारपासून याल? आधी एक सत्र बघू." यावेळी कुजबूज काय म्हणाली ते ऐकायला त्या पुढे वाकल्या नाहीत. गप्प राहिल्या, आणि ऐकू आलं.

अर्थात मी जे बोलले त्यात बरीच अतिशयोक्ती होती. नोकरीच्या कामात ती करावीच लागते.

बाहेर पायरीवर कुजबूज माझ्यासमोर उभी राहिली. बोलणार, असं वाटलं. गादीवर वर्ग सुटताना करतो तसं, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून कमरेतून वाकली. रस्त्यावर लोक बघत होते. मीही वाकले. गुडघा जरा दुखत होता म्हणून तिच्यापेक्षा खाली गेले असेन, त्याचा वेगळा अर्थ नाही.

शाळेतला ज्युदोचा तास संध्याकाळचाच, त्यामुळे सोमवारपासून ती संध्याकाळी येऊ शकणार नाही. शनिवारी येईन म्हणाली. म्हणजे आठवडाभर ओंडक्याला, वकीलबाईंना आणि त्या दोघींना माझ्या या बिजागरीच्या आवाजात शिकवायचं, आणि अडले तर विचारायचं, का अडता. ती बिननावाची मंडळी आहेत, त्यांचीही नावं आता माहीत करून घ्यावी लागणार. विचारायचं म्हटलं की सगळ्यांनाच विचारावं लागतं.

घरी आले तर ह्यांनी दुकान उघडलंच नव्हतं. वन्संनी टीव्ही बंद ठेवला होता. दोघं जेवणाच्या टेबलाशी शेजारी शेजारी बसले होते, निकालाची वाट बघत असल्यासारखे.

"बोल," हे म्हणाले.

मी हाताने सांगितलं, संपलं.

"सगळं? आजचं सगळं? कुणावर?"

वहीत लिहिलं: कुजबूजवर.

मला वाटलं रागावतील. दोन महिने वाट बघितली होती बिचाऱ्यांनी. त्यांनी वही वाचली, वन्संना दाखवली, मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. पुसून झाल्यावर म्हणाले, "बरं केलंस."

उद्याचा वाटा तुमचा, असं मी लिहून दिलं आहे. जमेल तसं. उद्या ओंडका जमिनीवरचे डाव शिकायला लवकर येतोय, त्याच्यासाठी थोडं राखून ठेवावं लागेल.